अर्धी गोळी

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझ्या खुर्चीत बसून आज आठवडा झाला, पण खुर्चीनं मला अजून आपलं म्हटलेलं नाही. ती डावीकडे झुकते. एकतीस वर्षं तू रुग्णांकडे कान लावून बसलीस, त्याचा हा परिणाम. माझा उजवा खांदा मात्र पार आखडून गेलाय.

दवाखान्यातली मावशी रोज नंबर वाटता वाटता विचारते, "ताईंच्या कानाला काही फरक?" मी नाही म्हणतो. मग ती माझ्याकडे असं बघते, जणू तुझे कान मीच काढून घेतलेत. फोन तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे दोन ओळींचे निरोप तुला अपमानास्पद वाटतात, म्हणून हा पत्रप्रपंच. तुझ्या लेकीच्या लग्नानंतर एवढं हातानं पहिल्यांदाच लिहितोय.

तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. मोठ्या हॉस्पिटलचा कंटाळा आला होता. बावीस वर्षं लोकांच्या रक्तवाहिन्यांत तार घालत होतो, पुरे झालं. तुझा दवाखाना बंद पडत होता आणि मी मोकळा होत होतो. एवढंच.

पण ताई, तुझे रुग्ण! रोज चाळीस माणसं येतात आणि एकालाही धड आजार नाही. पाठ धरते, झोप येत नाही, तोंडाला चव नाही, नवरा बोलत नाही. मी माझं ईसीजीचं मशीन आणून ठेवलं. आठवड्यात त्रेचाळीस जणांचे आलेख काढले आणि तिघांच्या हृदयात खोट सापडली. तू त्यांना चुन्याच्या गोळ्या देत होतीस.

आणि तुझे ते घड्याळवाले! कोपऱ्यावरच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसतात ते. वय एकाहत्तर, रक्तदाब एकशे चौसष्ट, आणि तू तीन वर्षं त्यांना अर्ध्या गोळीवर ठेवलंस? माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर त्याला वॉर्डाबाहेर उभा केला असता. औषध बदललंय. महिन्याभरात आकडा जागेवर आणतो.

एक विचारायचं राहिलं. कार्डांच्या कोपऱ्यात तू जिने, खिडक्या, आडव्या रेघा असलं काय काय चितारून ठेवलंयस? शाळेच्या वह्यांतली खोड अजून गेली नाही वाटतं.

तुझा,
ढब्या

१७ फेब्रुवारी

चि. ढब्यास,

आशीर्वाद नंतर, आधी तक्रार. अक्षर जरा मोठं काढ. पहिली ओळ वाचली, शेवटच्या ओळीसाठी जावयाचं भिंग मागावं लागलं. कान गेले, आता डोळेही घालवायचा विचार आहे का तुझा?

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. तुला ते धडधडताना दिसतं. त्रेचाळीस आलेख काढलेस, पण त्या त्रेचाळीस जणांना किती प्रश्न विचारलेस? तोंडाला चव नसलेली बाई म्हणजे बेकरीच्या मागची ना? तिचा मुलगा घर सोडून गेलाय. मशीनला ते दिसायचं नाही. तिघं सापडले ते मात्र बरं केलंस. मला सापडले नसते, हे लिहायला जड जातंय तरी लिहिते.

एक शिकवते. तुझ्या मोठ्या हॉस्पिटलात हे कोणी शिकवलं नसणार. रुग्ण खुर्चीत बसून आजार सांगतो आणि खरं काय ते उठल्यावर, दाराशी जाऊन सांगतो. म्हणून मी दाराची स्प्रिंग काढून टाकली होती. दार आपोआप मिटलं की माणूस बोलणं गिळून निघून जातो.

कार्डांवरची चित्रं ही माझी भाषा आहे. ती मी सांगणार नाही. रुग्णांनाच विचार, म्हणजे निदान त्या निमित्तानं त्यांच्याशी बोलशील. घड्याळवाल्यांच्या बाबतीत मात्र जरा हळू घे.

इथं सगळं ठीक आहे. लेक काळजी घेते, जावई सज्जन आहे, आणि मी एक स्वच्छ पुसलेलं कपाट आहे. जेवणाच्या टेबलावर सगळे हसले की मीही हसते. कशाला, ते मला माहीत नसतं.

ताई

११ मार्च

ती. ताईस,

घड्याळवाले: एकशे अठरा, खाली सत्तर. तीन औषधांवर. पंचविशीतल्या पोरालाही हेवा वाटावा असा आकडा! पुस्तकात छापावा असा. तू म्हणालीस हळू घे. हळू घेऊन तू तीन वर्षांत जे केलं नाहीस ते मी चार आठवड्यांत केलं.

रागावू नकोस. पण तुम्हा फॅमिली डॉक्टरांच्या त्या 'थांबून बघू'चा मला मनस्वी राग येतो. बावीस वर्षं तुमच्यासारख्यांनी थांबून बघितलेली माणसं माझ्या टेबलावर निळी पडून यायची.

दाराची स्प्रिंग मी परत लावून घेतली. एक जण दाराशी घुटमळतो, तोवर दुसरा आत येतो, कोणाचं काय चाललंय तेच कळत नाही. घड्याळवालेही परवा निघताना दाराशी थांबून जिन्याबद्दल काहीतरी पुटपुटले. तोवर दार मिटलं आणि मावशीनं पुढचा नंबर आत सोडला. जिन्याची दुरुस्ती वगैरे असेल. म्हाताऱ्यांना घरमालकाच्या तक्रारी फार.

रुग्ण कमी झालेत. चाळीसाचे बावीस. मावशी म्हणते, परीक्षा चालू आहेत म्हणून. मला काय ते कळतं.

तिला सांगून थकलो, फरशीला फिनेल घाल, दवाखान्यात कसला वासच येत नाही. ती म्हणते, बाटली संपत आली, डोळे चुरचुरतात सगळ्यांचे. तिच्याशी कोण वाद घालणार? नवीन कोट शिवला त्याची काजंही शिंप्यानं इतकी बारीक केलीत की सकाळी बटणं तिच्याकडून लावून घ्यावी लागतात. खांदा अजून तसाच. तुझी खुर्ची बदलतोय.

ढब्या

२८ मार्च

ढब्या,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. राग आला म्हणून उत्तर लिहिलं नाही. आज सकाळी परत वाचलं आणि ते जिन्याबद्दल पुटपुटले त्या ओळीशी अडले. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी मावशीला घड्याळवाल्यांकडे पाठव.

त्यांचा रक्तदाब उभं करून मोजलास का? बसवून नव्हे, उभं करून. बसले की एकशे साठ, उभे राहिले की झर्रकन खाली येतो. मी एकदा पूर्ण गोळी दिली होती, तर माझ्याच दवाखान्यात भिंत धरून खाली बसले. म्हणून अर्धी. ती अर्धी गोळी म्हणजे आळस नव्हता रे. सहा महिने घालवून शोधून काढलेला आकडा होता तो.

कार्डावरचा जिना म्हणजे तिसरा मजला. त्याखालची आडवी रेघ म्हणजे घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय. चार वर्षांपासून त्यांच्या बायकोची, काकूंची, कमरेखालची हालचाल गेली आहे. सकाळ-संध्याकाळ ते त्यांना उचलून खुर्चीत ठेवतात, पुन्हा उचलून पलंगावर. उचलताना ज्याला चक्कर येऊन चालणार नाही, अशा माणसाचा रक्तदाब मी सांभाळत होते.

हे मी फेब्रुवारीतच दोन ओळींत लिहायला हवं होतं. तुझी खोड मोडायची म्हणून कोडं घालून बसले. तू मला 'चुन्याच्या गोळ्या' म्हणालास ते लागलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी मला एवढी अक्कल.

दोन औषधं आजच्या आज बंद कर. लगेच कळव.

ताई

२ एप्रिल

ताई,

पत्र आज मिळालं. घड्याळवाले परवा पडले.

सकाळी दूध घेऊन वर जात होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली. खुब्याचं हाड मोडलं. शेजारपाजारच्यांनी उचलून मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि त्या धांदलीत वर कोणी आहे हेच सगळे विसरले. काकू संध्याकाळपर्यंत पलंगावरून हाका मारत होत्या. दुकान बंद का म्हणून चौकशी करायला मावशी गेली, तेव्हा तिला तो आवाज आला.

मी आज वर जाऊन आलो. चोपन्न पायऱ्या आहेत. दुसऱ्या वळणावर दुधाचा डाग अजून आहे. काकूंनी मला ओळखलं नाही, म्हणून मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवे डॉक्टर का? ह्यांना फार कौतुक हो तुमचं. म्हणायचे, मशीन लावून तपासतात." मग म्हणाल्या, "उभं राहिलं की गरगरतं म्हणत होते. तुम्हाला सांगतो म्हणाले होते. सांगितलं ना त्यांनी?"

मी हो म्हणालो. खरंच सांगितलं होतं की. दाराशी.

काकूंना खुर्चीत बसवायचं होतं. मी आणि मावशीनं मिळून उचललं. माझा उजवा हात ऐन वेळी सुटला. मावशीनं सावरलं म्हणून निभावलं.

औषधं मी तिकडच्या डॉक्टरांशी बोलून बंद करायला लावली. आता बंद करून काय, वरातीमागून घोडं.

ढब्या

२६ एप्रिल

ताई,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

घड्याळवाले गेले. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. अठराव्या दिवशी छातीत संसर्ग झाला आणि दोन दिवसांत खेळ संपला. मी रोज जात होतो. शेवटी शेवटी ते माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, हात कापतो तुमचा. आमच्या धंद्यात असा हात आला की आम्ही बारीक घड्याळं घेणं बंद करतो." चिडून नाही म्हणाले. एका कारागिरानं दुसऱ्याला सांगावं तसं.

काकूंना मीच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "औषध कोणी वाढवलं होतं?" मी म्हणालो, मी. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मी रोज सकाळी जातो, मावशी त्यांना भरवते, मी दाराशी उभा असतो, पण त्या तोंड वळवत नाहीत.

आता खोटं बोलण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो. हॉस्पिटल मी कंटाळून सोडलं नाही. तार आत घातलेली असताना माझा हात थरथरला. सिस्टरनं मनगट धरलं. रुग्णाला काही झालं नाही, पण खोलीतल्या पाच जणांनी ते पाहिलं. त्यानंतर मला फक्त सल्ले द्यायला बसवलं. मी स्वतःची समजूत घातली, की थकवा आहे, चहा जास्त होतोय. थरथर थांबावी म्हणून स्वतःला हृदयाचीच गोळी चालू केली. मला दुसरं येतं काय? वाटलं, ताईच्या दवाखान्यात काय, सर्दी-पडसं, तिथं हात कशाला लागतो. तुझं काम मला इतकं सोपं वाटलं होतं.

मे अखेर दवाखाना बंद करतोय. मावशीला दुसरीकडे लावून देईन. मोठं काम हातामुळं सुटलं, लहान म्हणून घेतलं त्यात माणूस मारला. मला सांग ताई, आता मी कशाचा डॉक्टर? रात्र जाते कशीबशी, पण सकाळी बटणं लावायची वेळ आली की रडू कोसळतं.

ढब्या

३ मे

माझ्या ढब्यास,

हे पत्र शांतपणे बसून वाच. मावशीला बाहेर सांग, अर्धा तास कोणाला आत सोडू नकोस म्हणून.

तुझी सगळी पत्रं टेबलावर ओळीनं मांडून बसले आहे. तुझं पंधरा वर्षांपूर्वीचं एक पत्रही लेकीच्या ट्रंकेतून काढलं, तिच्या लग्नाच्या वेळी लिहिलेलं. त्यातलं अक्षर कसं, पाय पसरून बसलेलं. आताच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ बरी आहे, पुढं अक्षर आक्रसत जातं, आणि 'ढब्या' मुंगीएवढा होतो. शेवटच्या पत्रात तर सही भिंगातूनही वाचता येत नाही.

तुला फिनेलचा वास येत नाही. मावशीचे डोळे चुरचुरतात, म्हणजे बाटली खरी आहे, तुझं नाक खोटं. उजवा खांदा आखडलाय, त्यात माझ्या खुर्चीचा दोष नाही. काजं बारीक नाहीत. हात थकून कापत नाही, स्वस्थ मांडीवर ठेवलेला असतानाच जास्त कापत असणार. बघ ठेवून.

आता तुला नाव सांगायला नको. मेडिकलला दुसऱ्या वर्षी आपण दोघांनी वेगवेगळ्या काळात एकच पुस्तक पाठ केलंय. हा मेंदूचा आजार आहे. त्याची औषधं आहेत आणि तुझ्यापुढं पुष्कळ वर्षं आहेत. पण तुझ्या हृदयाच्या गोळीनं तो जायचा नाही.

आता माझं. अक्षराचं मला पहिल्याच पत्रात दिसलं होतं. भिंगाचा विनोद केला आणि मनात म्हटलं, थांबून बघू. बटणांचं वाचलं तेव्हा तर खात्रीच झाली होती. तरी थांबले. एकतीस वर्षं मी थांबून बघत आले, दहातले नऊ आपोआप बरे होतात आणि लोक म्हणतात ताईंच्या हाताला गुण आहे. दहावा माझा भाऊ निघाला. मी तुझ्या मशीनला हसले, पण माझ्याजागी एखादा तुझ्यासारखा अधीर डॉक्टर असता तर त्यानं तुला फेब्रुवारीतच तपासायला पाठवलं असतं.

घड्याळवाल्यांच्या मरणात आपण दोघं आहोत. तुझी तीन औषधं आणि माझे दहा दिवस. तुझ्या एकट्याच्या नावावर ते मी घालू देणार नाही.

मेंदूच्या डॉक्टरकडे ह्या आठवड्यात जा. दवाखाना बंद करायचा की नाही ते नंतर.

ताई

१९ मे

ती. ताईस,

हे मावशीच्या हातून लिहून घेतोय. तिचं अक्षर मोठं आहे, तुला भिंग लागणार नाही.

जाऊन आलो. निदान तुझंच, कंपवात. तुझ्या लेकीच्या लग्नाचं एक पत्र आणि फिनेलची बाटली, एवढ्यावर तू दोनशे मैलांवरून केलेलं निदान त्यानं सगळी यंत्रं लावून कायम केलं.

तो डॉक्टर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि फार हुशार. बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले. नऊ मिनिटं लागली, मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो. एकही चूक केली नाही. औषध लिहिलं, मात्रा नीट समजावली, आणि पुढच्या कागदाकडे वळला. त्याला माझा मेंदू दिसला. मला राग आला नाही. मीही असाच बसायचो, अगदी असाच, मान खाली.

मी उठलो. दाराशी गेलो आणि पाय निघेना. तिथून म्हणालो, "डॉक्टर, एक माणूस माझ्यामुळं..." पुढचं बोलायच्या आत दार मिटलं. त्याच्याकडेही स्प्रिंग आहे. मी कॉरिडॉरमध्ये त्या मिटलेल्या दारासमोर उभा राहिलो. जिन्याबद्दल पुटपुटणारे घड्याळवाले आठवले, आणि ताई, मी तिथं लोकांच्यात मोठ्यानं रडलो. कोणीतरी बाकावर सरकून जागा करून दिली.

आज सकाळी दवाखान्याच्या दाराची स्प्रिंग काढून टाकली. स्क्रू मला फिरवता येईना, मावशीनं काढले. आता ह्याचा कोणाला उपयोग, मला ठाऊक नाही. सात रुग्ण आले होते. बेकरीच्या मागची बाई दाराशी थांबली आणि म्हणाली, मुलाचं पत्र आलंय. मी नुसतं 'बसा' म्हणालो. ती बसली आणि अर्धा तास बोलली. माझ्याकडे तिच्यासाठी एकही औषध नव्हतं.

काकूंचं तोंड अजून भिंतीकडे आहे. माझ्यानं हे एकट्यानं होत नाही, ताई. मला भीती वाटते. हे मावशीला लिहायला सांगताना लाज वाटली, पण ती म्हणाली, लिहिते, पुढं बोला.

ढब्या
(सही मीच केली आहे. दिसते का बघ.)

२५ मे

चि. ढब्यास,

सही दिसली. भिंगातून का होईना.

मंगळवारी दुपारच्या गाडीनं येतेय. लेक रडली, जावई म्हणाला, ह्या वयात आणि ऐकू येत नसताना तिथं काय करणार? मी म्हटलं, तो ऐकेल आणि मला लिहून... मग आठवलं, तुला लिहिता येत नाही. पण मावशीला येतं. तिघं मिळून एक डॉक्टर होतोय का बघू. नाही झाला तर बंद करू, पण मी आल्यावर. तोवर दार उघडं ठेव.

तुझं मशीन विकू नकोस, मला ते शिकायचंय. आणि नव्या कार्डांच्या कोपऱ्यात चित्रं काढणार नाही, सरळ अक्षरात लिहीन.

सामान ठेवलं की आधी चोपन्न पायऱ्या चढू. माफी मागायला नाही. ती देणं न देणं काकूंचं काम आहे. त्यांना उचलायला दोन माणसं लागतात आणि मावशीची पाठ किती दिवस पुरणार? भिंतीकडे तोंड असलं तरी माणसाला खुर्चीत बसवता येतं.

गाडीवर घ्यायला ये. गर्दी असेल. हाक मारू नकोस, मला ऐकू यायची नाही. खिशातला हात बाहेर काढ आणि वर धर. तो कापेल. कापू दे. त्यावरूनच मी तुला ओळखीन.

ताई